गेममधलं पात्र उभं करताना: नाशकातल्या पहिल्या कॉस्प्ले शूटसाठी

पहिल्यांदा कॉस्प्ले करायला, म्हणजे गेममधल्या पात्राचा वेश करायला, निघालेले बहुतेक जण सगळ्यात आधी विग मागवतात. विग घरी येतो, आरशासमोर चार सेल्फी होतात, आणि पुढे काय करायचं ते कळेना म्हणून तो कपाटात पडून राहतो. मला विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी म्हणूनच उलटीकडून सुरुवात करायला सांगते. आधी फोटो ठरवा. कागदावर चौकट काढा आणि तिच्यात तुमचं पात्र कुठे उभं आहे, काय करतंय, किती दिसतंय ते रेघोट्यांनी काढून बघा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. फोटो कमरेपर्यंतचाच असेल तर बुटांवर महिना घालवायचं कारण नाही. पाठ दिसणार नसेल तर मागून टाचण्यांनी आवळलेलंही चालतं.

इव्हेंटसाठीचा वेश आणि फोटोसाठीचा वेश यांत फरक आहे तो इथेच. इव्हेंटमध्ये पाच-सहा तास चालायचं, बसायचं, जेवायचं, आणि चारी बाजूंनी लोक बघणार. फोटोत बघतो तो फक्त कॅमेरा, आणि तोही एकाच बाजूने. त्यामुळे फ्रेममध्ये येईल तेवढंच बनवा. पण जे येणार आहे ते जीव ओतून बनवा, कारण कॅमेरा फार जवळून बघतो.

पात्र कोणतं घ्यायचं

जे तुम्ही मनापासून खेळला आहात ते. सध्या गाजतंय म्हणून घेतलेलं पात्र फोटोत उपरं दिसतं. शंभर तास खेळलेल्या माणसाला ते पात्र थकल्यावर कसं उभं राहतं, वळताना आधी खांदा हलतो की मान, हे न शिकवता माहीत असतं.

पहिल्या खेपेला नखशिखांत चिलखत, पंख किंवा शिंगं नकोत. 1996 च्या 'टूम रेडर'मधली लारा क्रॉफ्ट निळसर बिनबाह्यांचा टॉप, तपकिरी शॉर्ट्स, वेणी आणि पाठीवरची सॅक एवढ्यावर ओळखू येते. 'स्टारड्यू व्हॅली'चा शेतकरी तर घरातल्या कपड्यांतून उभा राहतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक'मधली राजी, हातात त्रिशूळ घेऊन धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली, ही आपल्याकडच्या मुलींना मी आवर्जून सुचवते. तिला लागणारं कापड आणि दागिने आपल्याच बाजारात मिळतात आणि आपल्याच घाटावर ती शोभते.

बंदुकीच्या गेममधलं पात्र घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. देवळाली म्हणजे तोफखान्याचं गाव. आपल्या शहरात सैनिक रोज दिसतात. भारतीय लष्कराच्या गणवेशासारखे छापाचे कपडे घालू नका. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसा वेश करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कुणाचा गैरसमज झाला तर तिथे रस्त्यावर उभं राहून गेम समजावून सांगता येत नाही. साधी कार्गो पँट, हेल्मेट आणि हातात लोखंडी तवा घेतला तरी पबजी खेळलेला प्रत्येक जण ओळखतो.

पुढे मी माझ्या पहिल्या वेशाचं उदाहरण घेऊन सांगते: 'होरायझन झीरो डॉन' या 2017 च्या गेममधली एलॉय. लाल केस, भाला, धनुष्य, कातडं आणि फर, आणि उजव्या कानाशी फोकस नावाचं छोटं त्रिकोणी यंत्र.

ओळखीच्या तीन खुणा

गूगलवरची चित्रं पुरत नाहीत. त्यातली निम्मी दुसऱ्यांनी काढलेली असतात आणि प्रत्येकात पट्टा वेगळ्या बाजूला असतो. आजकालच्या बऱ्याच गेममध्ये फोटो मोड असतो, 'होरायझन'मध्येही आहे. पात्राला उजेडात उभं करा आणि कॅमेरा फिरवून समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि हात, कंबर, पाय असे जवळून स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे चाळीसेक झाले होते. त्यातले आठ छापून भिंतीवर लावले.

मग त्या चित्रांकडे डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक सगळं पुसून गेल्यावर जे उरतं ते तुमचं पात्र. एलॉयचं काय उरलं? लाल केसांचा पसारा, खांद्यांचा केसाळ घेर आणि भाल्याची तिरकी रेघ. या तिन्हींवर मी दोन महिने दिले. बाकीचं दोन रविवारांत उरकलं, आणि आजवर कुणी त्यावर बोट ठेवलेलं नाही.

सामान

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तेव्हा आधी घर धुंडाळा. त्यानंतर मेन रोड आणि भद्रकाली: कापड, लेस, मणी, बक्कल, चामड्यासारखे पट्टे सगळं पायी फिरून मिळतं. फरचं कापड सॉफ्ट टॉइज शिवणाऱ्यांकडे असतं. रेक्झीन नवं घेऊ नका. गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात आणि हातकवचाला तेवढे पुरतात. पितळी कडी, साखळ्या, छोट्या घंटा यांसाठी भांडी बाजारात चक्कर मारा. तिथल्या पितळेची चमक रंगाने येत नाही.

ब्लाउज-टॉप शिवायला टाकणार असाल तर शिंप्याला फोटो दाखवून भागत नाही. जुन्या चादरीवर कच्चा नमुना टाचून न्या. आणि लग्नसराईत जाऊ नका, काम मागेच पडतं. राजेशाही किंवा योद्ध्याचे कपडे हवे असतील तर शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे भाड्याने देणारे ड्रेपरीवाले आहेतच. डिसेंबर-जानेवारी सोडून गेलात तर निवांत बघू देतात.

फोमचं हातकवच

कॉस्प्लेची अर्धी विद्या ईव्हीए फोममध्ये आहे. जिममध्ये एकमेकांत अडकवून जमिनीवर टाकतात त्या मॅट म्हणजे हाच फोम, साधारण 10 मिलिमीटर जाड. हातकवचाला 5 मिलिमीटरचा घ्या, वरच्या नक्षीला 2 मिलिमीटरचा.

माप असं घ्या. कोपरापासून मनगटापर्यंत हातावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्या. आता त्या टेपवरच मार्करने कवचाची रेषा काढा, म्हणजे डिझाइन थेट तुमच्या हाताच्या गोलाईवर बसतं. आतल्या बाजूने सरळ रेघ ओढा आणि बोथट टोकाच्या कात्रीने, दुसऱ्या कुणाकडून, कापून घ्या. सपाट केलेला तो तुकडा म्हणजे तुमचा पेपर पॅटर्न. मनगटाकडे निमुळता, कोपराकडे रुंद. दुसऱ्या हातासाठी तोच उलटा करून आखायचा.

कापताना कटरचं पातं ताजं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. मी दर दोन-तीन लांब कापांनंतर पात्याचं टोक मोडते. एका दमात आरपार जायचा हट्ट नको. त्याच रेषेवरून दोनदा हलका हात फिरवा.

मग हीट गन. ही पायरी बघत राहावी अशी असते. फोमचा पृष्ठभाग आधी मळकट, खडूसारखा असतो. गरम हवा सरकवत नेली की तो किंचित आकसतो, त्यातली छिद्रं मिटतात आणि एक मंद तुकतुकी येते. ती दिसली की लगेच पुढे सरका, थांबलात तर फोड येतात. गरम असतानाच तुकडा पाण्याच्या बाटलीभोवती वळवून मिनिटभर धरा. थंड झाल्यावर तो बाक तसाच राहतो. सपाट तुकड्याला असा हाताचा आकार आला की पुढचं सगळं करायला हुरूप येतो, हा माझा दरवेळचा अनुभव आहे.

चिकटवायला फेविकॉल एसआर, म्हणजे चपला-सोफावाले वापरतात ते पिवळं रबरी. दोन्ही कडांना पातळ लावा आणि थांबा. आठ-दहा मिनिटांनी बोट लावलं तर तार सुटायला नको, नुसता चिकटपणा जाणवायला हवा. मग एका टोकापासून कड जुळवत जा. एकदा टेकलं की सोडवता येत नाही, म्हणून घाई नको. हे काम गच्चीत किंवा गॅलरीत करा. बंद खोलीत त्या वासाने डोकं धरतं, आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको.

रंगाआधी पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात द्या, नाहीतर फोम रंग पीत राहतो. जिथे फार वाकतं तिथे हा थर तडकतो, तिथे तो देऊच नका. वर अ‍ॅक्रिलिक रंग. सगळ्यात शेवटी काळा-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे फासा आणि लगेच फडक्याने पुसून घ्या. तो खाचांमध्ये बसून राहतो, आणि कालच बनवलेलं कवच दहा वर्षं वापरल्यासारखं दिसतं. रेक्झीनच्या कडांवर पॉलिश पेपर घासला की तेही झिजल्यासारखं होतं. पावसाळ्यात शूट असेल तर वरून पारदर्शक वॉर्निश हवंच, कारण पांढरा फेविकॉल ओला झाला की पुन्हा मऊ पडतो.

भाल्याला विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप घेतला, वर सुतळी गुंडाळली, पातं फोमचं. तो मधून दोन तुकड्यांत ठेवा आणि आत बारीक पाइप सरकवून जोडा. अख्खा भाला स्कूटरवरून नेता येत नाही. शस्त्र कोणतंही असो, खऱ्या धारेचं नको, आणि रस्त्याने नेताना चादरीत गुंडाळून न्या.

केस, चेहरा, डोळे

विग आला की तो फार चकचकीत असतो. थोडी टाल्कम पावडर लावून झटकला की ती चमक उतरते. कपाळावरची कड चिकटवायला नाटकवाल्यांचा स्पिरिट गम उत्तम. आदल्या आठवड्यात हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, काहींना खाज सुटते. बटा कापायच्या त्या विग डोक्यावर असतानाच, आणि लागेल असं वाटतं त्याच्या निम्म्याच.

मेकअपबद्दल माझं एक ठाम मत आहे. पात्र गोरं आहे म्हणून स्वतःला गोरं करू नका, सावळं आहे म्हणून काळं फासू नका. तुमच्या रंगाची एलॉय, तुमच्या रंगाचा 'झेल्डा'मधला लिंक, हे पूर्ण कॉस्प्ले आहे. 'गॉड ऑफ वॉर'च्या क्रेटोसचं वेगळं. त्याच्या अंगावर राख आहे, ती तुम्हीही फासा. बाकी कॅमेऱ्यासाठी भुवया आणि गालाखालची सावली रोजच्यापेक्षा गडद लागते, आरशात ती जास्त वाटली तरी.

रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालायच्या नाहीत आणि मैत्रिणीच्या तर कधीच नाहीत. डोळ्यांचा रंग फोटोत नंतरही बदलता येतो.

चाल आली की पात्र आलं

पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, बघितला असेल तर हे लगेच पटेल. मुखवटा चढला आणि संबळ वाजायला लागली की कालपर्यंत शेतात दिसणारा माणूस वेगळाच चालायला लागतो. आपल्यालाही तेच साधायचं आहे. शूटच्या आधी पंधरा दिवस रोज दहा मिनिटं, पूर्ण वेशात नाही तरी हातात भाला धरून, आरशासमोर उभ्या राहा. तुमच्या स्क्रीनशॉटमधल्या पाच मुद्रा निवडा. वजन कोणत्या पायावर आहे ते आधी बघा. बहुतेकांचं चुकतं ते तिथेच, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून शाळेच्या ग्रुप फोटोसारखं उभं राहतात. हाताच्या बोटांना काहीतरी काम द्या. नजर लेन्सकडे नको, पात्र जिकडे बघेल तिकडे.

नाशकात जागा कोणती

इथे आपण नशीबवान आहोत. तासाभराच्या अंतरात काळा पाषाण, धरण, डोंगर, लेणी आणि मळे.

पांडवलेणी मला सगळ्यात आवडते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेली ही चोवीस लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर थेट ऊन आत येत नाही आणि उजेड सारखा, मऊ मिळतो. पण ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि बौद्ध उपासकांचं श्रद्धास्थान आहे. ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, आणि वेश करून जाणार असाल तर आधी लेखी विचारूनच जा. स्तूपापुढे शस्त्र घेऊन मुद्रा करायची नाही, हे कुणी सांगायची वाट बघू नका.

गोदाघाटावर भल्या सकाळी काळ्या दगडाच्या पायऱ्या ओल्या असतात आणि त्यांवर आभाळ उतरतं. फोटो सुंदर येतो. मात्र रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात. त्यांच्या मागे तुमचा लाल विग दिसता कामा नये. मी रामकुंड सोडून खाली, तपोवनाच्या अंगाला जाते. 2026-27 च्या सिंहस्थामुळे घाटावर कामं आणि बंदोबस्त असणार, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन जागा बघून या.

मागे एकदा पहाटे एक आजी कपडे धुता धुता थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणाचं सोंग गं पोरी?" मी म्हटलं, "आजी, एक शिकारी मुलगी आहे, लहानपणी टोळीने बाहेर काढलेली." त्या म्हणाल्या, "मग एवढी हसतेस कशाला?" आणि त्यानंतरचा फोटो त्या दिवसातला सगळ्यात चांगला आला. आपल्याकडे धूलिवंदनाला घरचे वीर सजून वाजतगाजत गोदेवर जातात. वेश करून नदीवर आलेला माणूस इथल्या लोकांना परका वाटत नाही. कुणी विचारलं तर नीट सांगा.

योद्ध्याच्या पात्राला रामशेज. चढ सोपा, माथा मोकळा, वारा भरपूर. 1682 पासून मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलेला हा किल्ला आहे, तटाच्या दगडांवर चढून ते निखळवू नका. एलॉयला हिरवाई हवी होती म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या पायथ्याच्या बाजूला गेलो. वर जायचं तर ते वनखात्याचं राखीव क्षेत्र आहे, गिधाडांचं घर आहे. धुराच्या नळकांड्या आणि रंगाची पूड तिथे अजिबात नको. 'स्टारड्यू व्हॅली'साठी गंगापूर, मखमलाबादकडच्या एखाद्या द्राक्षमळ्यात मालकांना विचारून जा, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. घडाला हात लावायचा नाही. ड्रोनचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा, उघडा. देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमानतळ दोन्ही जवळ आहेत.

शूटचा दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नाशकातला उत्तम काळ. फोम आणि फरमध्ये एप्रिलचं ऊन सोसत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला मेकअप पूर्ण हवा, म्हणजे चारला उठणं आलं. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ उजेडाला छान, पण ते फ्रेममध्ये घेऊ नका, पांढरा पडदा दिसतो. मागे डोंगर किंवा झाडं घ्या.

सोबत किमान दोन माणसं हवीत: एक कॅमेऱ्यामागे, एक तुमच्यासाठी. दुसऱ्याचं काम विग नीट करणं, पाणी पाजणं, रस्त्यावर लक्ष ठेवणं, आणि तुमचा पट्टा उलटा झालाय हे तुम्हाला सांगणं. मुलींनी घरी ठिकाण आणि वेळ कळवून जावं. कपडे कुठे बदलायचे ते आधी ठरवा, नाहीतर घरूनच वेश करून वर मोठा शर्ट घाला. पिशवीत सुईदोरा, टाचण्या, फेविक्विक, डबल टेप, ओले वाइप्स, स्ट्रॉची बाटली. स्ट्रॉ असला की लिपस्टिक टिकते.

महागडा कॅमेरा नसला तरी चालतो. मोबाइल जवळ आणून फोटो काढू नका, नाक मोठं दिसतं. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम वापरा. पात्र पराक्रमी दिसायला हवं असेल तर फोटोग्राफरने गुडघ्यावर बसावं. केस किंवा शेला उडताना पकडायचा असेल तर शटर 1/500 किंवा त्याहून वेगवान ठेवा. चेहऱ्यावर सावली पडली तर एखादा मोठा पांढरा पुठ्ठा खालून धरा, डोळ्यांत ठिपका चमकतो. आणि कागदावर काढलेला तो पहिला फोटो आधी घ्या. तो मिळाला की उरलेला वेळ मोकळेपणाने खेळा.

फोटोग्राफरशी आधीच बोलून ठेवा: किती फोटो मिळणार, किती एडिट होणार, पैसे किती, आणि दोघांपैकी कोण कुठे टाकणार. टाकताना गेमचं, फोटोग्राफरचं, शिवणाऱ्या शिंप्याचंही नाव लिहा.

परत आल्यावर

त्याच रात्री फोटोंच्या दोन प्रती करा. स्पिरिट गम नुसता ओढून काढू नका, खोबरेल तेल चोळून सोडवा. विग थंड पाण्यात थोड्या शांपूने धुऊन, पिळून न काढता, सावलीत टांगा.

आणि फोम उष्णतेपासून जपा. एका एप्रिलमध्ये सोमेश्वरला शूट झाल्यावर आम्ही दुपारी जेवायला थांबलो, सामान गाडीच्या डिकीत. दोन तासांनी उघडलं तर डाव्या हातकवचाचे सगळे जोड सुटले होते आणि खांद्याचा तुकडा पापडासारखा वळला होता. दोन महिन्यांचं काम. तो तुकडा पुन्हा गरम करून, बाटलीवर धरून थोडाफार सरळ झाला, पण कड शेवटपर्यंत जुळली नाही. आता माझी कवचं पलंगाखालच्या सुटकेसमध्ये असतात, आकार राहावा म्हणून आत जुने टॉवेल कोंबलेले, आणि सुटकेसवर दर दिवाळीला नवी कापराची पुडी.